मधुमेहात पायांच्या त्वचेची रोजची तपासणी

त्वचा जंतूंना बाहेर अडवते आणि टोचणे, भाजणे, दाबले जाणे यांची वर्दी मेंदूला देते. परंतु अनेक वर्षांच्या मधुमेहात पायांच्या नसा क्षीण झाल्या की ही वर्दी थांबू शकते, आणि चपलेतला खडा दिवसभर रुतूनही माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. दुखत नाही म्हणजे जखम नाही, हा समज मला सर्वांत घातक वाटतो.

म्हणून रोज रात्री, चांगल्या उजेडात, दोन्ही पाय नीट पाहावेत. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावे. टाचेच्या भेगा, फोड, लालसर किंवा काळपट डाग, बोटांच्या बेचक्यांतील पांढरी पडलेली ओलसर त्वचा आणि एकाच पायाला जाणवणारी जास्त ऊब, या खुणा शोधाव्यात. पाय कोमट पाण्याने धुवावेत, मात्र पाणी किती गरम आहे हे पायाने न अजमावता कोपराने पाहावे. पुसताना बेचक्या कोरड्या कराव्यात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन टाचांना व तळव्यांना लावावे, बेचक्यांत नाही, कारण तिथला ओलावा बुरशीला पोसतो.

पायाला झालेले कुरूप, म्हणजे कातडीची कडक गाठ, ब्लेडने कापू नये, गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत, आणि उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी चालणे टाळावे. जाड मोजे घातल्याने श्रद्धेला बाधा येत नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक तंतूने, स्पर्शाची तपासणी करून घ्यावी. जखम दिसल्यास, ती दुखत नसली तरी, त्याच दिवशी दाखवावी.