बाळ येण्याआधी घरातल्या कुत्र्या-मांजराला तयार कसं करावं

बाळ म्हणजे काय हे कुत्र्याला कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच: हा नवा वास, हा रडका आवाज घरात आला आणि त्याच दिवसापासून फिरायला जाणं कमी झालं, बेडरूमचं दार बंद झालं आणि सगळे आपल्यावरच खेकसायला लागले. मांजराचा हिशोबही असाच चालतो. म्हणून तयारी करताना दोन गोष्टी धरून चालायचं. नकोसे बदल बाळ येण्याच्या बरेच आधी उरकायचे आणि हव्याशा गोष्टी बाळ समोर असताना द्यायच्या.

तीन-चार महिने आधी: तपासणी

रेबीजसह सगळ्या लशी, जंतनाशक, पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त आणि नखं, हे आताच करून घ्या. दात, कान आणि सांधे मुद्दाम तपासायला सांगा. एरवी शांत असलेला कुत्रा हात लावताच गुरगुरत असेल, तर बऱ्याचदा त्याचं कुठेतरी दुखत असतं.

घरात गर्भवती आहे म्हणून मांजर कुणाला देऊन टाकायची गरज नाही. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे गर्भाला अपाय करू शकणाऱ्या एका परजीवीची. तो मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडला, तरी संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात. त्यामुळे लिटर बॉक्स (मांजराची शी-शूची पेटी) रोजच्या रोज साफ करायचा आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं. तिलाच करावं लागलं, तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुवून. मांजराला कच्चं मांस देऊ नका. अर्धवट शिजलेलं मांस आणि बागेतली माती यांतूनही हा संसर्ग होतो, त्यामुळे मांजर घालवून धोका संपत नाही.

दोन-तीन महिने आधी: नियम आणि सराव

बाळाच्या खोलीत किंवा पलंगावर पुढे मज्जाव करायचा असेल, तर तो आत्तापासून करा. दाराला जाळीचं गेट लावलं की आत दिसतं, वास येतो, पण जाता येत नाही. बंद दारापेक्षा हे बरं. सकाळचा ४० मिनिटांचा फेरफटका पुढे २० मिनिटांवर येणार असेल, तर तोही हळूहळू कमी करत आणा आणि वास शोधण्याचे खेळ, चघळायच्या वस्तू यांनी भरपाई करा. ‘पुढे वेळ मिळणार नाही’ म्हणून शेवटच्या आठवड्यांत भरमसाट लाड करू नका. नंतरची घसरण त्याला जास्त जाणवते.

कुत्र्याला एकच गोष्ट शिकवायची असेल, तर ‘चटईवर जा’ शिकवा. चटई अंथरा. पाय पडला की खाऊ हातात न देता चटईवरच टाका. एका वेळी १०-१२ वेळा, दिवसातून दोनदा. तो स्वतःहून जाऊन बसू लागला की थांबण्याचा वेळ वाढवा: ५ सेकंद, ३० सेकंद, २ मिनिटं, शेवटी १० मिनिटं. मग तुम्ही उठून दोन पावलं लांब जा. वेळ आणि अंतर एकाच दिवशी वाढवलं की शिकवणं फसतं. एक वाढवताना दुसरं कमी ठेवायचं.

रडण्याच्या आवाजाची सवय रेकॉर्डिंगने लावा. आवाज इतका हळू की कान फक्त टवकारले जातील. आवाज सुरू, खाऊ सुरू. आवाज बंद, खाऊ बंद. रोज ५ मिनिटं पुरे. दोन-तीन दिवस तो निवांत राहिला की आवाज थोडा वाढवा. एरवी आवडीने खाणाऱ्या कुत्र्याने खाऊ नाकारला, तर आवाज जास्त झालाय; कमी करून पुन्हा तिथून सुरू करा.

बाहुलीला बाळ समजून कुत्रा फसत नाही. सराव होतो तो तुमचा: एका हातात ‘बाळ’, दुसऱ्यात पट्टा, आणि खाली पडलेलं दुपटं उचलायचं. रिकामी बाबागाडी घेऊनही फिरून या. पट्टा मात्र गाडीला कधीच बांधू नका. कुत्र्याने एक झेप घेतली की गाडी कलंडते.

मांजरासाठी थोडं वेगळं

पाळणा महिनाभर आधी मांडा. मऊ, उबदार जागा म्हणून मांजर त्यात झोपणारच, त्यामुळे खोलीचं दार बंद ठेवायचा शिरस्ता पहिल्या दिवसापासून पाळा. पाळण्यावरच्या जाळीवर विसंबू नका. मांजर वर बसलं की जाळी खाली झोळते. लिटर बॉक्स हलवायचा असेल, तर रोज फूटभर सरकवा. एकदम दुसऱ्या खोलीत नेला, तर मांजर जुन्या जागीच शी-शू करतं. उंचावर एखादी फळी किंवा कपाटाचा माथा मोकळा ठेवा. मांजर वरून पाहत पाहतच सरावतं.

घरी येण्याचा दिवस

बाळाचं वापरलेलं दुपटं आधी घरी पाठवा. ते जमिनीवर ठेवून हुंगू द्या, नाकाशी धरू नका. कुत्र्याला फिरवून आणा. आईने आधी एकटीने आत यावं, कारण कित्येक दिवसांनी दिसल्यावर तो अंगावर उड्या मारणारच. तो शांत झाल्यावर बाळाला आणा. कुत्रा सैल पट्ट्यावर, दोन-तीन मीटर लांब. बाळाकडे पाहून त्याने मान वळवली की खाऊ. दोन मिनिटांत भेट संपवा. बाळ खाली वाकवून दाखवू नका आणि मांजराला उचलून बाळाजवळ नेऊ नका.

पहिले आठवडे

बाळ झोपलं की कुत्र्याचे लाड आणि बाळ जागं झालं की ‘जा तिकडे’, ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. हिशोब उलटा बसतो: बाळ नसलं की चांगलं. म्हणून रोजच्या जेवणातलाच एक हिस्सा बाजूला काढा आणि बाळाला पाजताना, डायपर बदलताना चटईवर थोडा थोडा टाका.

डायपरचा डबा घट्ट झाकणाचा हवा. आतले शोषक कण पोटात गेले की फुगतात आणि आतडं अडू शकतं.

कुत्रा ओठ चाटतो, झोप नसताना जांभया देतो, मान फिरवून डोळ्यांचे पांढरे दाखवतो, अंग ताठ करतो; तेव्हा त्याला लांब जायचं असतं. जाऊ द्या. गुरगुरल्याबद्दल रागावू नका. रागावलं तर तो इशारा द्यायचं सोडतो आणि थेट चावतो. बाळ आणि प्राणी एका खोलीत एकटे सोडायचे नाहीत, बाळ झोपलेलं असलं तरी, मिनिटभरासुद्धा.

कुत्रा बाळाकडे एकटक, निःशब्द बघत दबा धरतो, किंवा रडणं ऐकून पाळण्यावर झेपावतो, तर त्याला ताबडतोब वेगळं ठेवा आणि प्राण्यांच्या वर्तनातल्या तज्ज्ञाला दाखवा. बोका लिटर बॉक्समध्ये जोर करतोय पण लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मूत्रमार्ग अडला तर जीव जाऊ शकतो.

कासव किंवा सरडा असेल, तर साल्मोनेलाचा, म्हणजे जुलाब-ताप आणणाऱ्या जिवाणूंचा, धोका असतो. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात ते न ठेवलेलंच बरं.

साधारण सातव्या महिन्याच्या आसपास बाळ रांगू लागतं, आणि तोवर जागेवर असलेलं गाठोडं अचानक कुत्र्याच्या शेपटीपर्यंत पोचतं. खरा कठीण काळ हाच. त्याची झोपायची जागा आणि जेवणाचं भांडं गेटच्या पलीकडे हलवायचं काम पाचव्या महिन्यातच करून टाका.