मधुमेहाच्या पायाची जखम: घरी काळजी घेताना या चुका टाळा

तळव्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हा घरात चर्चा होते ती मलमाची. आम्ही नर्स आधी चप्पल बघतो. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे जखम असूनही माणूस दुकान, देऊळ, शेत सगळीकडे चालत राहतो. ‘दुखत नाही म्हणजे बरी होतेय’ ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. ड्रेसिंग कितीही भारी असो, जखमेवरचा भार हटल्याशिवाय ती भरत नाही. डॉक्टरांनी त्यासाठी खास बूट दिला असेल, तर रात्री बाथरूमला उठतानाही तो घालायलाच हवा. घरातल्या चार पावलांचाही भार जखमेवर पडतो.

दुसरी चूक हायड्रोजन पेरॉक्साइडची. फेस आला की जखम स्वच्छ झाली असं वाटतं, पण रोज ओतलं तर नव्याने येणारं कोवळं मांसही त्यात जळतं. साफसफाईला नॉर्मल सलाइन, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं निर्जंतुक मिठाचं पाणी, पुरतं. हळद, टूथपेस्ट लावू नका. पाय गरम पाण्यात बुडवून शेकू नका, बधिर पायाला चटका कळत नाही.

जखम उघडी ठेवून वारा देण्याचा सल्लाही जुनाच. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर त्वचा लवकर धरते. रक्तपुरवठा तुटून काळं, कोरडं पडलेलं बोट याला अपवाद आहे. ते भिजवायचं नाही, डॉक्टरांनाच दाखवायचं.

चिकटलेला गॉज (जखमेवरची जाळीदार पट्टी) ओढून काढू नका. त्यावर सलाइन सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग कडेकडेने सोडवा. ड्रेसिंगच्या वेळी दुखत असेल तर अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि वासाबद्दल बोला. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. जखमेला वास येतो म्हणून आजोबा सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाहीत, लग्नाला जायचं टाळतात, नातवाला जवळ घेत नाहीत. घरचे म्हणतात, ‘हल्ली चिडचिडे झालेत.’ पट्टी सोडताना त्यांच्यासमोर नाकाला पदर लावू नका. वास हे जंतुसंसर्गाचंही लक्षण असू शकतं, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यावर वास आणणारे जंतू मारणारं मेट्रोनिडॅझोल जेल, वास शोषून घेणारं कोळशाचं तयार ड्रेसिंग असे उपाय आहेत. रात्री झोप लागते का, हेही आजोबांना विचारा. जखमेची लांबी-रुंदी आम्ही मोजतोच, पण ही उत्तरं आम्हाला घरच्यांकडूनच कळतात.

साखरेच्या धास्तीने जेवण तोडू नका. डाळ, उसळ, अंडं, दही यातल्या प्रथिनांशिवाय मांस भरत नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

लाली वर चढू लागली, ताप आला, पू वाढला किंवा साखर अचानक चढली, तर पुढच्या ड्रेसिंगच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.