नैराश्याची गोळी सोडताना: शेवटचे पाच मिलिग्रॅम सगळ्यांत सावकाश

नैराश्याची किंवा घबराटीची गोळी चालू असलेल्या माणसाला काही महिन्यांनी बरं वाटू लागतं आणि 'आता बरा वाटता, मग गोळी कित्याक?' असा प्रश्न घरात निघतो. मग एके दिवशी गोळी थांबते, किंवा एक दिवसाआड घेणं सुरू होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं गरगरायला लागतं, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं पडतात, सकाळी मळमळतं. घरातले म्हणतात, बघ, आजार उलटला. कोणी म्हणतं, बाहेरचं काहीतरी असेल, कौल लावून बघू. गाऱ्हाणं जरूर घाला, मनाला आधार मिळतो. पण गोळीचा डोस कौलावर ठरवू नका. या त्रासाचं कारण साधं आहे: औषधाच्या सवयीने जुळवून घेतलेल्या मेंदूला परत जुळवून घ्यायला वेळ मिळालेला नाही. हे दारूसारखं व्यसन नव्हे, गोळीची तलफ येत नाही. पण सवय मोडायला वेळ लागतो.

हा त्रास सगळ्यांना होत नाही. २०२४ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात गोळी थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षणं दिसली. तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली नुसती पिठाची गोळी थांबवणाऱ्यांतही ती १७ टक्क्यांना दिसली. गंभीर त्रास साधारण पस्तिसांत एकाला. मात्र त्यातले बरेच अभ्यास थोडा काळ गोळी घेतलेल्यांचे होते. चार-पाच वर्षं रोज घेणाऱ्याने हे आकडे वाचून निर्धास्त होऊ नये.

आधी ठरवा, सोडायची वेळ आली आहे का

पहिल्यांदाच नैराश्य आलेल्याने पूर्ण बरं वाटू लागल्यावर निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. दोन-तीनदा आजार येऊन गेला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळी घेऊन बरे असलेल्या लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळी थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा. म्हणजे सोडणं धोक्याचं आहे, पण चालू ठेवली म्हणून शाश्वतीही नाही. बायपोलर आजार (कधी नैराश्य, कधी अति उत्साह) असेल, पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, किंवा गरोदरपण असेल तर स्वतःच्या मनाने एक मिलिग्रॅमही कमी करू नका. गरोदर आहे असं कळताच घाबरून गोळी फेकून देणं हे तर नेहमीचंच. ते टाळा, आधी डॉक्टरांना विचारा.

हंगामही बघा. गौरी-गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, आरत्या-भजनांत मध्यरात्र होते, शिमग्यातही तेच. जागरणाच्या आठवड्यात डोस उतरवला की त्रास गोळीचा की झोपेचा हे कळतच नाही. आंब्याचा धंदा असेल तर मार्च ते मे सोडून द्या: चक्कर येणाऱ्या माणसाने झेला घेऊन फांदीवर चढायचं नसतं. माडावर, पोफळीवर चढणाऱ्यांचंही तेच. खलाशांना १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सोयीची. पहिल्या एक-दोन पायऱ्या घरी राहून उतरता येतात. पुढे बोट समुद्रात गेली की त्याच डोसवर थांबून हंगाम काढायला काही हरकत नाही. गोळी सोडायला शर्यत लावलेली नाही.

तुमची गोळी कोणती

पाकिटावर कंपनीने दिलेलं नाव मोठं असतं, खरं औषध खाली बारीक अक्षरांत. ते वाचा. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून झटपट जातात, त्यामुळे एखादी वेळ चुकली तरी काहींना त्याच दिवशी कळतं. ड्युलोक्सेटिन आणि डेसव्हेन्लाफॅक्सिनही त्रास देणाऱ्यांतच. एस्सिटालोप्राम आणि सर्ट्रालिन मधले: शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला एक-सव्वा दिवस लागतो, लक्षणं दोन ते चार दिवसांत दिसतात. फ्लुऑक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून ते सोडायला सोपं. पण त्रास झालाच तर महिन्याभरानेही होतो आणि तोवर कोणाच्या लक्षात गोळी राहिलेली नसते.

बारीक अक्षरांत 'क्लोनाझेपाम ०.५' असंही लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली, नावापुढे 'प्लस' लावलेली पाकिटं आपल्याकडे भरपूर लिहून दिली जातात. क्लोनाझेपाम झोपेच्या, शांततेच्या गटातलं. महिनोन्महिने रोज घेतलेलं ते अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. अशी गोळी अर्धी केली की दोन औषधं एकदम अर्धी होतात आणि कोणाचा त्रास कोणता हे सांगता येत नाही. डॉक्टरांकडून दोन वेगळ्या गोळ्या लिहून घ्या आणि एका वेळी एकच उतरवा. दुकानात 'तीच आहे, कंपनी वेगळी' म्हणून साध्या गोळीऐवजी 'प्लस' किंवा 'प्लस'ऐवजी साधी हातात पडते, तेव्हा काउंटरवरच औषधाचं नाव पडताळा.

उतार कसा आखायचा

मुख्य अडचण इथे आहे. दहाची पाच केली, आता पाचची शून्य केली की झालं, असं वाटतं. दोन्ही पायऱ्या सारख्याच दिसतात. मेंदूत त्या सारख्या नसतात. एस्सिटालोप्रामचा सख्खा भाऊ सिटालोप्राम याचा हिशोब बघा: २० मिलिग्रॅम घेतल्यावर औषध मेंदूतल्या सिरोटोनिन (मनःस्थितीशी संबंधित रसायन) शोषणाऱ्या जागांपैकी सुमारे ८० टक्के अडवतं. ९ मिलिग्रॅमवर आलात तरी ७० टक्के अडलेल्या असतात. म्हणजे निम्म्याहून जास्त डोस गेला आणि परिणाम जेमतेम दहा टक्क्यांनी घटला. पण ५.४ वर ६० टक्के, २.३ वर ४० टक्के, आणि ०.८ वर २० टक्के. सगळी घसरगुंडी शेवटच्या काही मिलिग्रॅममध्ये आहे. म्हणून 'अर्ध्यावर आलो, काहीच झालं नाही, आता बंद' म्हणणारा नेमका तिथेच आपटतो.

एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम वर्षभराहून जास्त घेतलेल्यासाठी, डॉक्टरांपुढे ठेवायला एक आराखडा:

१० वरून ७.५ (५ च्या दीड गोळ्या), चार आठवडे.
७.५ वरून ५, चार आठवडे.
५ वरून २.५ (५ ची अर्धी), चार ते सहा आठवडे.
२.५ वरून १.२५ (५ ची पाव), चार ते सहा आठवडे.
मग बंद.

काहींना १.२५ च्याही खाली एखादी पायरी लागते. चार-सहा आठवडेच गोळी घेतली असेल तर एवढं लांबवायची गरज सहसा पडत नाही. पुढची पायरी तारीख आली म्हणून उतरायची नाही. आधीची सुरळीत झाली म्हणून उतरायची.

गोळी कापायला औषधाच्या दुकानात प्लॅस्टिकचा कटर मिळतो, तो घ्या. पानाच्या तबकातला अडकित्ता हाताशी असतो, पण त्याने पाव गोळीचा भुगा होतो. पाव तुकडे कधीच अगदी सारखे येत नाहीत. एक दिवस मोठा, एक दिवस लहान घेतला तर एस्सिटालोप्रामच्या बाबतीत बेरीज जमून जाते. आपल्याकडच्या दमट हवेत कापलेली गोळी लवकर मऊ पडते, म्हणून एका वेळी आठवड्याचेच तुकडे करा, घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा, बाकीच्या गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या.

नावात एक्सआर, ईआर, एसआर, सीआर असलेली गोळी कापायची, चावायची, कुटायची नाही: दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. व्हेन्लाफॅक्सिनच्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दाणे काढून डोस कमी करता येतो. उरलेले चमचाभर कुस्करलेल्या केळ्यावर टाकून न चावता गिळायचे. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये दाण्यांऐवजी दोन-चार छोट्या गोळ्या निघतात, म्हणून आधी एक उघडून बघा. ३७.५ वरून एकदम शून्यावर येणं ही व्हेन्लाफॅक्सिनमधली ठेच लागायची जागा. तिथे जमत नसेल तर डॉक्टर काही वेळा फ्लुऑक्सेटिनवर नेऊन मग ते सोडवतात. हा बदल घरच्या घरी करायचा नाही.

एक दिवसाआड घ्यायची युक्ती मात्र विसरा. फ्लुऑक्सेटिन वगळता बाकी सगळ्यांत तिने प्रमाण रोज वर-खाली होतं आणि त्रास वाढतो.

त्रास आला तर

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत तीन गोष्टी लिहा: डोस, झोपेचे तास, आणि चक्कर दहापैकी किती. '५ / ६ / ३' एवढंच पुरे. तीन आठवड्यांनी डॉक्टरांना फोटो दाखवला की 'कसं वाटतंय?' या प्रश्नावर आठवत बसायला नको.

डोक्यातले करंट सगळ्यांत जास्त घाबरवतात. क्षणभराचा झटका, बहुतेकदा डोळे पटकन बाजूला वळवले की येतो, कधी कानात सूं आवाजासह. त्याने मेंदूला इजा होत असल्याचं दिसलेलं नाही, आणि त्यावर खात्रीचं औषधही नाही. डोळ्यांऐवजी पूर्ण डोकं सावकाश वळवा, झोप पुरी करा. तो आपोआप विरळ होतो. चक्कर असेल त्या दिवसांत घाटाच्या वळणांवर दुचाकी नको, एसटीत पुढची जागा धरा, आणि रहाटाच्या विहिरीवर पाणी काढायला दुसऱ्याला पाठवा. चक्करवरची नेहमीची गोळी दुकानातून मागून घेऊ नका. त्यांतल्या काही गोळ्यांनी सुस्ती आणि अस्वस्थता दोन्ही वाढतात.

मळमळीला गोळी जेवणानंतर घेणं हा पहिला उपाय. उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, आल्याचा तुकडा, कोकमाचं सरबत, हे पोटात टिकतं. चहा दुपारी चारनंतर बंद. संध्याकाळची माडी किंवा काजूची फेणी 'झोप लागावी म्हणून' घेऊ नका. पहाटे तीनला डोळा उघडतो आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. डोकेदुखीला पॅरासिटॅमॉल चालतं. या गोळ्यांबरोबर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनने रक्तस्रावाची शक्यता वाढते. ट्रॅमाडॉल आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध यांनी सिरोटोनिन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं.

चिडचिड आणि विनाकारण रडू हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. सुनेने सासूला 'आई, पुढचे दोन आठवडे मी जरा तोडून बोलले तर गोळीचा उतार चाललाय एवढं लक्षात घ्या' असं म्हटलं तर अर्ध्या कटकटी होतच नाहीत.

त्रास सोसवत असेल तर त्याच डोसवर एक-दोन आठवडे थांबा, पुढे जाऊ नका. सोसवत नसेल तर शेवटी जिथे बरं वाटत होतं त्या डोसवर परत जा. बहुतेकांना काही दिवसांत आराम पडतो. मग पुढची पायरी आधीच्या निम्मी घ्या. परत वर जाणं म्हणजे हरणं नव्हे, मोजमाप चुकलं होतं एवढंच.

आजार उलटलाय की गोळीचा त्रास, हे ओळखायला तारीख उपयोगी पडते. डोस बदलल्यापासून दिवसांत सुरू झालं, सोबत करंट, चक्कर, मळमळ आहे आणि डोस परत वाढवताच दोन-तीन दिवसांत निवळलं, तर गोळीचा त्रास. आठवड्यां-महिन्यांनी हळूहळू आलं, कशातच रस नाही, पहाटे जाग येते, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटतं, तर आजार. काहींचा गोळीचा त्रासही महिनोन्महिने लांबतो, तेव्हा निवाडा डॉक्टरांवर सोपवा.

मरणाचे विचार, एका जागी बसवत नाही अशी तळमळ, दोन-दोन रात्री झोप न लागता अंगात भलताच उत्साह, फिट, यांतलं काहीही झालं तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन, किंवा जवळच्या रुग्णालयात. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना गोव्यातल्या बांबोळीचं मनोरुग्णालय जवळ.

गोळ्या संपणं

ठरवून सोडण्याइतकाच त्रास न ठरवता सुटल्याने होतो. जुलैत दरड कोसळून घाट बंद, पुलावर पाणी, दुकानात माल नाही, आणि पाकिटात दोन गोळ्या. मे अखेरीसच चिठ्ठी ताजी करून पंधरा दिवसांचा जादा साठा घरात ठेवा. मुंबईला जाताना गोळ्या सामानाच्या बॅगेत न टाकता अंगाजवळच्या पिशवीत. सगळ्या खबरदारीनंतरही संपल्याच आणि चार-पाच दिवस गेले, तर पूर्वीचा पूर्ण डोस एकदम सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

शेवटची पाव गोळी थांबल्यावर कॅलेंडरवरची नोंद आणखी दोन महिने चालू ठेवा, आणि सहा महिन्यांत निदान दोनदा डॉक्टरांना दाखवा. उरलेली स्ट्रिप तोवर जपून ठेवा, मुलांच्या हाती लागणार नाही अशी. शेजारच्या काकूंनाही 'असंच वाटतंय' म्हणून त्यातली देऊ नका.