जिना उतरताना गुडघ्यात कळ, उलटं चालून थांबली (माझा अनुभव)

दादरचा पूल चढताना काही नाही, पण उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायची आणि मधेच पाय सुटल्यासारखा वाटायचा. बाम, नी-कॅप, आराम सगळं करून झालं, सहा महिने नुसता वैताग.

शेवटी फिजिओने उलटं चालायला लावलं. सोसायटीच्या गच्चीवर, एक हात कठड्याला. पाय मागे नेऊन आधी चवडा टेकवायचा, मग टाच हळू खाली, मग वजन, आणि मगच दुसरा पाय उचलायचा. पावलं छोटी, नजर समोर, मान वळवली की माझा तोल जायचा म्हणून अंतर आधीच मोजलं, २० पावलं, आणि शेवटाला खडूची रेघ. पहिला आठवडा ५ मिनिटं, मग १०, तिसऱ्या आठवड्यात हात सोडला.

यात मांडीचे पुढचे स्नायू जास्त राबतात, वाटीवर दाब कमी येतो, आणि मागचं दिसत नसल्यामुळे पाय कुठे पडतोय ते सांध्यालाच ओळखावं लागतं, माझी खरी गडबड तिथेच होती.

पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ असतं तेव्हा पॅसेजमध्येच करा, आणि गुडघा सुजलेला असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर. सहाव्या आठवड्यात तोच पूल कठडा न धरता उतरलो.