टपाला भोक पाडण्याआधी

गाडी परत आली तेव्हा डिश ठणठणीत होती. चित्र स्वच्छ, सिग्नल भरपूर. मालकीणबाईंची तक्रार वेगळीच होती. पलंगाच्या वर, छताला तपकिरी डाग पडला होता. मी बोटाने दाबून पाहिलं, तर प्लाय भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं. ती डिश मीच बसवली होती, पाच महिन्यांपूर्वी. मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांशिवाय एकटीने केलेलं माझं पहिलं काम.

मोटरहोमवर, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीवर, टीव्हीची डिश बसवण्याच्या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे सांगते, कारण येणारा जण सिग्नलची भीती घेऊन येतो. उपग्रह सापडेल का, कोन जमेल का, हीच धास्ती. कोन चुकला तर पाच मिनिटांत पुन्हा लावता येतो. टपातून आत गेलेलं पाणी मात्र महिनोन् महिने गुपचूप काम करत राहतं, आणि डाग दिसेपर्यंत आतलं लाकूड कुजलेलं असतं.

त्या दिवशी उस्तादांनी मला ओरडा दिला नाही. "चल, उकलून बघू," एवढंच म्हणाले. डिशचा पाया उचलला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक स्क्रू आतल्या लाकडी पट्टीत बसलाच नव्हता, नुसत्या फोममध्ये घुसला होता. गाडी धावताना पाया त्या बाजूने रोज किंचित हलत होता. आणि मी वापरलं होतं साधं सिलिकॉन, जे त्या हलण्याने पत्र्यापासून सुटलं होतं. वरून पाहिलं तर काठ अगदी नीट दिसत होता. फट खाली होती, केसाएवढी. सुटलेल्या सिलिकॉनचा पातळ थर खरवडून काढायला दीड दिवस गेला, कारण तो राहिला तर त्यावर दुसरं कुठलंच सीलंट धरत नाही.

म्हणून गाडी आली की आधी टप कशाचा आहे ते पाहा. बहुतेक मोटरहोमचा टप सँडविचसारखा असतो. वर फायबर किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा, मधे फोम, खाली पातळ प्लाय, आणि ठरावीक अंतरावर लाकडाच्या किंवा धातूच्या पट्ट्या. काही टपांवर रबराचं आवरण असतं, त्याला पेट्रोलजन्य सॉल्व्हंट लावलं तर ते फुगतं. पट्ट्या कुठे आहेत ते आतून ठोकून आवाजावरून कळतं, पण आवाजावर विसंबू नका. दिवा किंवा हवेची खिडकी उघडून कडेने आत डोकावा. वायर कुठून जाते तेही तिथेच दिसतं. आमचे उस्ताद ड्रिल हातात घेण्याआधी आत जाऊन पलंगावर आडवे व्हायचे आणि छताकडे पाहत राहायचे. मला आधी वाटायचं, दमले असतील.

जागा ठरवताना मी डिशच्या मापाचा गोल पुठ्ठा कापून टपावर नेते. मिटलेली डिश, उघडलेली डिश, पूर्ण फिरणारी डिश, तिन्ही अवस्था त्या पुठ्ठ्याने करून बघते. एसीच्या खोक्याला घासते का? हवेची खिडकी उघडली तर अडते का? सोलर पॅनेलवर सावली पडते का? पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे थोड्याच सेलवर पडलेली सावलीही उत्पादन खूप खाली आणते. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. उपग्रह क्षितिजाजवळ असेल तर डिशची नजर जवळजवळ आडवी जाते आणि समोरचा एसीच तिला आडवा येतो.

आता भोक. टपावर चालताना पावलांखाली फळी घ्या, म्हणजे वजन पसरतं आणि पत्र्याला खळगा पडत नाही. दव असताना चढू नका. चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा आणि आधी 3 मिमीचं बारीक भोक आरपार पाडा. ते आतून बरोबर जागी निघालं, याची खात्री झाल्यावरच मोठी होल-सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत, लावा. तीही निम्मी वरून, निम्मी खालून, म्हणजे प्लायच्या चिंध्या होत नाहीत. मग भोकाच्या कडेचा फोम बोटभर आत कोरून काढा आणि ती खाच इपॉक्सीने भरून घ्या. हे बहुतेक जण टाळतात, पण फोमला पाणी लागण्याचा रस्ता तिथेच बंद होतो. शिवाय बोल्ट आवळताना सँडविच दबत नाही.

सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या, किंवा टपाच्या मटेरियलला चालेल असं उत्पादकाने लिहिलेलं. पत्रा बारीक सँडपेपरने खरखरीत करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुसलेल्या जागेला बोट लावू नका. डिशच्या पायाखाली सीलंट भरपूर घाला, पण बोल्ट इतके आवळू नका की सगळं बाहेर निघून येईल. खाली 2-3 मिमीचा थर राहिला पाहिजे. उन्हात पत्रा प्रसरण पावतो, रात्री आक्रसतो, आणि ती ओढाताण तो थर सोसतो. हे सीलंट हवेतल्या दमटपणावर, बाहेरून आत वाळतं, 24 तासांत साधारण 3 मिमी. मालकाला घाई असली तरी गाडी लगेच हलवायची नाही.

केबलचं थोडक्यात सांगते. 75 ओहमची चांगली कोॲक्सियल घ्या आणि टपावरून आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. कनेक्टर बसवताना केबलमधल्या बाहेरच्या जाळीचा एक केसही मधल्या तांब्याच्या तारेला शिवता कामा नये. याच तारेतून रिसीव्हर (सेट-टॉप बॉक्स) एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, 13 किंवा 18 व्होल्ट देतो, त्यामुळे जोडताना रिसीव्हर बंद ठेवा.

मग येतं सगळ्यांचं आवडतं काम, उपग्रह शोधणं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किमी उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी थांबलेले दिसतात. तुम्ही उत्तर गोलार्धात असाल तर बहुतेक ठिकाणी डिश दक्षिणेच्या बाजूला झुकेल, दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या. विषुववृत्तापासून जितके दूर जाल तितका उपग्रह खाली येतो, आणि 81 अंश अक्षांशाच्या पलीकडे तो दिसतच नाही. 60 सेंमीच्या डिशची नजर सुमारे 3 अंशांची असते. म्हणजे गाडी 2 अंश तिरकी उभी असली तरी डिश उचलायच्या हँडलवरच्या कोनाच्या आकड्याचा उपयोग राहत नाही. आधी टपावर लेव्हल ठेवून बुडबुडा बघा, मग आकडा लावा.

होकायंत्र टपावर वापरू नका. चासी लोखंडाची असते, सुई भलतीकडे वळते. गाडीपासून दहा पावलं दूर जा, दिशा पाहा आणि समोरचं एखादं झाड किंवा खांब खूण म्हणून धरा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरकही त्या जागेसाठी मोजावा लागतो.

ऑफसेट डिशने नवख्यांना खूप फसवलंय. ही डिश पाहताना सरळ उभी वाटते, पण तिची खरी नजर चेहऱ्यापेक्षा 20-25 अंश वर असते. मी शिकत होते तेव्हा तिला डोळ्यांनी आभाळाकडे झुकवत बसायचे आणि उपग्रहाच्या कितीतरी वरचं रिकामं आकाश न्याहाळायचे. उस्ताद खालून विचारायचे, "काय गं, दिसतंय का काही?" मी म्हणायचे, "उस्ताद, स्ट्रेंग्थ तर साठ दाखवतंय!" ते म्हणायचे, "क्वालिटी सांग." क्वालिटी शून्य. रिसीव्हर दाखवतो तो स्ट्रेंग्थचा, म्हणजे सिग्नलच्या जोराचा, पट्टा नुसत्या गोंगाटानेही भरतो, खरं बोलते ती क्वालिटी. आणि क्वालिटी आली तरी शेजारचाच उपग्रह लागलेला असू शकतो, म्हणून नेटवर्कचं नाव वाचल्याशिवाय खाली उतरू नका. डिश हलवताना एकेक अंश हलवून काही सेकंद थांबा. रिसीव्हरला पकडायला वेळ लागतो, आणि घाईत आपण उपग्रह ओलांडून पुढे जातो. रेषीय ध्रुवीकरण असलेल्या, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच प्रतलात कंप पावतात अशा उपग्रहासाठी शेवटी एलएनबी पकडीत थोडी फिरवून तिचा तिरकेपणा (स्क्यू) जुळवा, क्वालिटी दोन-चार आकडे वर सरकते.

स्वयंचलित डिश हे सगळं स्वतः करते आणि इंजिन चालू होताच मिटतेही, पण ती जड असते आणि टपावरचं वजन गाडीच्या भारक्षमतेतून जातं. हाताने फिरवायच्या डिशला हे इंजिनवालं कुलूप नसतं. तिथे मी मालकाकडूनच तीनदा डिश उघडून मिटवून घेते. मग मिटलेल्या डिशसकट गाडीची उंची नव्याने मोजते आणि आकडा स्टिअरिंगच्या वर चिकटवते. पुलाखाली जाताना तो शोधत बसायची वेळ येऊ नये.

सीलंट वाळलं की शेवटचं काम. मदतनीस वरून पाण्याची नळी डिशच्या पायावर सोडतो, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या, अशी दहा मिनिटं. मी आत पलंगावर आडवी, हातात टॉर्च, बोट छतावरून फिरवत. बोट कोरडं राहिलं की गाडीची किल्ली मालकाच्या हातात देते.