तीनशे रुपयांत वस्तऱ्याची दाढी

धार लावून वापरायचा खरा वस्तरा स्वस्तात पडत नाही. पातं एक वेळ मिळेल, पण १,००० पासून ८,००० ग्रिटपर्यंतचे (आकडा मोठा तितका दगड बारीक) धारेचे दगड आणि चामड्याचा पट्टा, खरा खर्च तिथे. धार उतरली की तो केस कापत नाही, ओढतो. म्हणून सुरुवात सलूनवाल्यांच्या वस्तऱ्याने करा, अर्धं ब्लेड बसणारा. पुण्यात असाल तर रविवार पेठेत सलूनचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. स्टीलचाच घ्या. प्लॅस्टिकचा फार हलका असतो, मग हात नकळत दाब देतो.

दुधारी ब्लेड कागदासकट लांबीत दुमडा. टक् आवाज होऊन दोन तुकडे होतात. कागद आधी काढलात तर बोट कापलंच म्हणून समजा. बसवल्यावर उजेडात धरून बघा: धार दोन्ही टोकांना सारखी बाहेर हवी. तिरकं बसलं की कोपरा रुततो, आणि नवशिक्याची पहिली चीर बहुतेक वेळा या कोपऱ्यानेच पडते.

दाढी अंघोळीनंतर करा, केस मऊ झालेले असतात. घरी बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर फेस धरत नाही, लगेच सुकतो. वाटीभर फिल्टरचं पाणी घ्या आणि ब्रशने दोन मिनिटं तरी फेस घोटा.

आता कोन. पातं गालावर आडवं टेकवा आणि पाठ साधारण ३० अंश उचला; खाली करंगळी जाईल एवढी फट. जास्त उभं धरलं तर कातडी खरवडते, फार आडवं धरलं तर केस ओढले जातात. दुसऱ्या हाताने कातडी कानाकडे ताणा आणि केसांच्या दिशेने दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात मारा. दाब शून्य, वस्तऱ्याचं वजन पुरतं. पातं धारेच्या रेषेत आडवं सरकवायचं नाही, कधीच.

पहिला आठवडा फक्त दोन्ही गाल. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने. मग जबडा, गळा, आणि हनुवटी व ओठाच्या वरचा भाग सगळ्यात शेवटी. गळ्यावर केस कुठल्या दिशेने उगवतात ते आधी बोट फिरवून पाहा, तिथे ते वाटेल तसे वळतात. उलटी दाढी, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने, पहिला महिनाभर नकोच. पुटकुळ्या त्यातूनच येतात.

शेवटी गार पाणी, मग ओला तुरटीचा खडा. जिथे चुरचुरेल तिथे हात जड पडला होता. दोन दाढ्यांनंतर ब्लेड बदला. जुनी ब्लेडं झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डबीत साठवा. सुटी कचऱ्यात टाकलीत तर कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंच्या हाताला लागतील, कचरा त्या हातानेच वेगळा करतात.