दोन लाख रनिंगची डिझेल एसयूव्ही घेताय? या चुका टाळा

दोन लाख किलोमीटर धावलेली स्कॉर्पिओ, सफारी किंवा फॉर्च्युनर घ्यायला काहीच हरकत नाही. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं डिझेल इंजिन दोन लाखांत दमत नाही. लोक फसतात ते घाईमुळे. रविवारी अकरा वाजता जायचं, रंग बघायचा, एसी लावून कॉलनीत एक चक्कर मारायची आणि जेवणाआधी टोकन द्यायचं. दोन महिन्यांनी इंजिनकाम निघालं की दोष मात्र कंपनीच्या माथी.

चूक पहिली: गरम इंजिन बघणं

सगळ्यात जास्त लोक हीच चूक करतात. डिझेल इंजिनाचे आजार रात्रभर गार पडल्यावरच उघडे पडतात. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तुम्ही पोचायच्या आत तो गाडी वीस मिनिटं फिरवून आणतो. आदल्या दिवशीच सांगून ठेवा: "सकाळी सातला येतो, मी आल्याशिवाय चावी लावू नका." पोचल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा, मग रेडिएटरच्या वरच्या होसवर. कोमट लागलं तर तपासणी तिथेच थांबवा आणि दुसऱ्या दिवसाची वेळ मागा. त्यावर कुरकुर झाली तर गाडी सोडून द्या.

इंजिन गार असेल तर आधी रेडिएटरचं झाकण उघडा. गरम इंजिनावर हे कधीच करू नका, उकळतं कूलंट तोंडावर उडतं. आत रंगीत कूलंट हवं. नुसतं गंजकं पाणी असेल तर मालकाने गाडी कशी ठेवली ते कळलंच. मग डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टर गळतोय किंवा डिझेल कुठून तरी ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल काळं असणं हा डिझेल गाडीत दोष नाही. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर सावध व्हा. पावसाळ्यात रोज दोन-दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो दमटपणामुळेही येतो, पण जोडीला कूलंट कमी असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलचा) संशय धरायचा.

आता चावी फक्त ऑन करा, सेल मारू नका. चेक इंजिन, ऑइल, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे आधी लागले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा या वेळी लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. हीटर प्लगचा स्प्रिंगसारखा दिवा विझला की सेल मारा. दोन-तीन सेकंदांत इंजिन धरलं पाहिजे. लांबलचक सेल मारावा लागला तर हीटर प्लग, इंजेक्टर किंवा रेलचं (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर, यांतलं काही तरी दुरुस्तीला आलेलं असतं.

एकाने मागे सायलेन्सरपाशी उभं राहायचं. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. तो थांबतच नसेल आणि वास गोडसर असेल तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा). रेस दिल्यावर काळा ढग आला तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. एअर फिल्टर, इंटरकूलरचा फाटका होस, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इंजेक्टर, या क्रमाने शोधायचं.

आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, ऑइलचं झाकण सैल करून तोंडावरच उलटं ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि तोंडातून वाफेच्या इंजिनासारखा धूर यायला लागला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे जळलेला वायू रिंगांच्या कडेने खाली उतरतोय. काही इंजिनांत झाकण मुळातच जास्त नाचतं, म्हणून एवढ्यावरच निकाल लावू नका. ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) पाइप काढून तिथेही धूर बघा. आणि गार इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांत वरचा होस दाबून बघा. पाणी अजून गारच आहे आणि होस दगडासारखा टणक झालाय, तर सिलिंडरचं प्रेशर कूलंटमध्ये शिरतंय. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही.

चूक दुसरी: मीटरवर विश्वास

डिजिटल मीटर मागे करायला लॅपटॉप आणि अर्धा तास पुरतो. तरीही नवे खरेदीदार "फक्त सत्तर हजार" ऐकलं की बाकीचे प्रश्न विसरतात. लोक डिझेल एसयूव्ही घेतात ती पळवायलाच. वर्षाला पंधरा-वीस हजार हे तिचं साधं चालणं आहे. नऊ वर्षांची गाडी बासष्ट हजार दाखवत असेल तर पुरावा विकणाऱ्याने द्यायचा.

मीटर मागे केलेली गाडी कशी सापडते ते बघा. २०१५ ची स्कॉर्पिओ, मीटर ८४,०००. स्टिअरिंगला नवं कव्हर, ब्रेक आणि क्लच पेडलची रबरं कोरी करकरीत. इतक्या कमी रनिंगला पेडलची रबरं बदलायची वेळच येत नाही, म्हणून संशय तिथूनच सुरू होतो. दाराच्या खांबावरचं ऑइल बदलाचं स्टिकर नखाने खरवडून काढलेलं, गोंदाचा चौकोन मात्र तसाच. मग एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, तर फिल्टरच्या कडेवर मार्करने लिहिलेलं: १,५२,३००. फिटर लोक फिल्टर बसवताना त्यावर किलोमीटर लिहून ठेवतात आणि मीटर फिरवणारा तो डबा उघडत नाही. त्या गाडीचं इंजिन खरं तर ठणठणीत होतं. खरं रनिंग सांगून विकली असती तर लगेच गेली असती.

म्हणून एअर फिल्टर उघडाच. मग टायर. बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. मीटर चाळीस हजार आणि टायरचा तिसरा जोड, हे जुळत नाही. अधिकृत सर्व्हिसची जुनी बिलं मालकाकडून मागा, प्रत्येक बिलावर किलोमीटर असतात.

सगळ्यात खात्रीचा कागद फास्टॅगचं स्टेटमेंट. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, त्यावरच्या टोलच्या नोंदी मालकाला त्याच्या खात्यात दिसतात. आठवड्याला पुणे-मुंबईच्या दोन फेऱ्या दिसल्या तर जाऊन-येऊन साधारण ३०० प्रमाणे आठवड्याचे ६०० आणि वर्षाचे ३१,००० किलोमीटर तिथेच झाले. मालकाला ते मोबाइलवर उघडायला सांगा.

पिवळ्या पाटीवरून, म्हणजे टॅक्सीच्या पासिंगवरून, खासगी केलेल्या गाड्या वेगळ्या ओळखायच्या. आरसीचा इतिहास बघा, नंबरप्लेटच्या मागे जुन्या पिवळ्या रंगाचे ठिपके बघा.

चूक तिसरी: धुतलेल्या इंजिनावर खूश होणं

चकचकीत इंजिन म्हणजे लपवलेली गळती. बघायला जाण्याआधी इंजिन धुऊ नका असं सांगा. थोडी धूळ आणि सुका तेलकटपणा असू दे, ओला थेंब कुठे आहे ते बघायचं.

चूक चौथी: खाली न वाकणं

चटई अंथरा आणि गाडीखाली शिरा. स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनरची बॉडी चासिसवर बसते, त्यामुळे चासिस वाकली की पुढे सगळंच वाकडं. पुढच्या बंपरमागची दोन टोकं सारखी आहेत का, कुठे नव्याने वेल्डिंग आहे का, ते बघा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या किनाऱ्यावरची गाडी असेल तर स्क्रूड्रायव्हरने चासिस टोचून बघा. पापुद्रा सुटला तर गंज आतपर्यंत आहे. खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर जास्तच टोचायचं. पुढचं चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवा: खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावीकडून-उजवीकडे हलवलं तर टाय रॉड कळतो.

पुराची गाडीही इथेच पकडायची. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ ला चिपळूणला गाड्या बुडाल्या होत्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली बारीक गाळ असेल तर पुढे जाऊ नका. वायरिंगचा त्रास वर्षानुवर्षं पुरतो.

थोडक्यात आणखी काही

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा): ३.० लिटरच्या जुन्या फॉर्च्युनरला बेल्ट असतो. बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

क्लच: चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतो, वेग चढत नाही, तर क्लच प्लेट बदलायला आली.

फोर बाय फोर: कच्च्या जमिनीवरच लावून बघा, कोरड्या डांबरावर वळवून नाही. लो रेंज (कमी वेग, जास्त ताकदीचा गिअर) गुंतते आणि सुटते का, दोन्ही बघा. विकणारा "लागतच नाही कधी" म्हणाला की आधी तेच तपासा.

चाचणी: कॉलनीतली चक्कर मोजायची नाही. तीस-चाळीस किलोमीटर, त्यात कात्रज किंवा खंबाटकीसारखा घाट, एसी लावून. टेंपरेचरचा काटा हलता कामा नये. परत आल्यावर दहा मिनिटं आयडलवर ठेवून रेस द्या. निळा ढग आला तर टर्बोकडे किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे बघायचं.

दिल्ली पासिंग: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवण्यावर बंदी घातली आणि तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. फॉर्म २८ ची एनओसी (गाडी दुसरीकडे नोंदवायला आरटीओची परवानगी) आणि इथे भरावा लागणारा रोड टॅक्स किमतीत धरूनच सौदा करा.

कागद: चासिस नंबर पेन्सिलने कागदावर घासून घ्या आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरून कर्जाची नोंद काढायचा). मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्या समोर. थकलेली ई-चलनं पैसे देण्याआधी भरायला लावा. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा, आणि चौदा दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्या.

किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा. घरी आणलेल्या पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या तिन्हींचं ऑइल, सगळे फिल्टर आणि कूलंट बदला, आणि नव्या एअर फिल्टरच्या कडेवर त्या दिवसाचे किलोमीटर मार्करने लिहा.